पिवळा ठिपका

“आधी कान, मग हात, आणि जीभ सगळ्यात शेवटी. आजारी गाडी असो नाहीतर चिडलेलं माणूस, हा क्रम मोडायचा नाही.”

वहिनींचा नवरा हे इतक्या वेळा सांगायचा, की तो जाऊन तीन वर्षं झाली तरी कुठल्याही गाडीचं बॉनेट वर केलं की त्यांना आधी त्याचा आवाज ऐकू यायचा आणि मग इंजिनाचा. गॅरेज लहानच. आत एक गाडी मावायची, दुसरी आली तर तिचं अर्धं अंग रस्त्यावर. वहिनी ही हाक मूळची धाकट्या दिराची, पण ती गिऱ्हाइकांनी उचलली आणि आता अख्ख्या गल्लीच्या त्या वहिनी झाल्या होत्या. बोलणं इतकं हळू, की गिऱ्हाइकं गमतीनं म्हणायची, “वहिनींचं ऐकायचं असेल तर आधी इंजिन बंद करा.”

त्या दिवशी मात्र क्रम मोडला. जीभ सगळ्यांच्या पुढे धावली.

सकाळी साडेनवाला नर्सबाईंची जुनी निळी गाडी गचके खात गल्लीत शिरली आणि दारातच बंद पडली. नर्सबाई घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करायच्या. दिवसाला अकरा घरं, तीही शहराच्या दोन टोकांना. वहिनींच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचं हे गिऱ्हाईक. त्या उतरल्या ते डोळे लाल करूनच.

“वहिनी, आता तुम्हीच बघा. दोनपर्यंत गाडी रस्त्याला लागली नाही तर माझी फेरी दुसरीला देणार आहेत. ऑफिसातून सकाळीच निरोप आलाय.”

“एका दिवसात फेरी काढून घेतात?”

“एक दिवस कसला! महिनाभर हेच चाललंय. सिग्नलला बंद, चढावर बंद. परवा एका आजोबांची पट्टी बदलायला तीन तास उशीर झाला. माझ्याशिवाय कुणाला पायाला हात लावू देत नाहीत ते. तसेच बसून राहिले, ओल्या पट्टीनं.”

नर्सबाईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. मागच्या महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा भाच्यानं त्यांना हट्टानं दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या काचेच्या वर्कशॉपात नेलं होतं. कागद तिथला. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलेलं: इंजिन थकलेलं आहे, दुरुस्तीत अर्थ नाही, गाडी काढून टाकावी.

वहिनींनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि बॉनेट उघडलं. “लावा चालू.”

इंजिन लागलं. रेस वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. दम लागलेलं माणूस जिना चढतं तशी. ॲक्सिलेटर जरा दाबला की सुरळीत, सोडला की पुन्हा धापा. वहिनींनी रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवलं.

“अगंबाई, हा तर माझा धंदा,” नर्सबाई तेवढ्यातही हसल्या.

वहिनी हसल्या नाहीत. कुठून तरी बारीक फुस्स असा आवाज येत होता. त्यांनी एक प्लग काढून बघितला. टोक पांढरंफटक.

“सिस्टर, इंजिन थकलेलं नाही. उपाशी आहे. कुठून तरी फटीतून फुकटची हवा आत ओढली जातेय. हवा जास्त, पेट्रोल कमी. यांनी काय काय बदललं?”

“सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर.”

“बरं.”

“मग दिवा पुन्हा लागला. मग पुन्हा तोच सेन्सर.”

वहिनींचा हात थांबला. “पुन्हा? तोच? अहो, तो बिचारा धुरातली हवा मोजतो आणि ओरडून सांगतो, हवा जास्त झाली म्हणून. त्याचं ऐकायचं सोडून त्यालाच हाकलला?”

“म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलला,” नर्सबाई सावकाश म्हणाल्या. “दोनदा.”

“आणि वर मरणाचा दाखला लिहून दिला!”

“मी विचारलं होतं हो, की नक्की काय झालंय. तो म्हणाला, मॅडम, टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार.”

हे शेवटचं वाक्य वहिनींच्या जिव्हारी लागलं. माणसांच्या नसा शोधून त्यांत सुई घालणारी ही बाई, हिला कळणार नाही? त्यांनी हात पुसले, कागद उचलला आणि पदर खोचून त्या चालू लागल्या. “अहो वहिनी, आधी गाडी तर बघा,” नर्सबाई मागून म्हणत राहिल्या. पण राग एकदा पायांत उतरला की कान बंद होतात.

वर्कशॉप म्हणजे बाहेर काच, आत थंड हवा. ओळीनं खुर्च्या, खुर्च्यांत गिऱ्हाइकं. कुठे तेलाचा डाग नाही, कुठे इंजिनाचा आवाज नाही. समोर टाय लावलेला एक तरुण उभा होता.

“हा कागद तुम्ही दिलात?”

“आमच्या टीमनं दिलाय, मॅडम.”

“टीमला कान आहेत?”

“सॉरी?”

“कान, कान. बॉनेट उघडून कुणी ऐकलं का, आत हवा शिरतेय ती? पहिला सेन्सर घातलात, दिवा गेला?”

“दोन दिवस गेला होता.”

“मग?”

“मग रिप्लेस केला. नवीन पार्टसुद्धा कधीकधी खराब निघतो.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा आम्ही कस्टमरला प्रामाणिकपणे सांगितलं, की गाडीचं वय झालंय.”

“वय माझंही झालंय. मलाही भंगारात काढा!”

खुर्च्यांतून दोघं-तिघं खुसुखुसू हसले. टायवाल्याचे कान लाल झाले. तो आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, खरं सांगू का, बाहेर गल्लीबोळात कामं केलेल्या गाड्यांचं असंच होतं. कुणी कुठलं रबर घालतं, कुणी कुठला बोल्ट. निस्तरायचं आम्ही.”

“ती गाडी गेली दहा वर्षं आमच्या गॅरेजात येते,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढलेला त्यांना स्वतःलाही अनोळखी वाटत होता. “आमच्या हातचं काम असतं ना, तर हा दिवा लागलाच नसता. ज्यानं न ऐकता, न बघता चालत्या गाडीला मेलेली म्हटलं, त्याला लाज वाटायला हवी. एका बाईचं काम जातंय, अकरा आजारी माणसं वाट बघताहेत, आणि तुम्ही इथं थंड हवेत टाय सरळ करत उभे!”

कागद टेबलावर आपटून त्या निघाल्या. दार काचेचं असल्यामुळे ते आपटताही आलं नाही, ते आपलं आपण हळूहळू मिटलं. त्याचाही त्यांना राग आला.

परत आल्या तेव्हा सव्वादहा वाजले होते. आता हातांची पाळी. एकेक बारीक नळी चिमटीत दाबून बघितली. फरक नाही. मग साफसफाईच्या स्प्रेचा डबा घेतला. आग विझवायचं नळकांडं पायाशी ठेवलं, इंजिन चालू करवलं आणि जिथं जिथं हवेची वाट बंद असायला हवी, तिथं तिथं एक एक छोटा फवारा सोडत गेल्या. फटीतून फवारा आत ओढला गेला, की इंजिन तेवढ्यापुरतं पोटभर जेवल्यासारखं उसळतं. पहिल्या सांध्यावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. मग इंजेक्टरच्या मुळाशी. पहिला, गप्प. दुसरा, रेस एकदम वर. तिसरा, पुन्हा वर.

“सापडलं!” वहिनी म्हणाल्या. “सील गेलीत, सिस्टर. एवढाल्या रबरी कड्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या. यांच्यापायी तुमची गाडी भंगारात निघाली होती.”

“एवढ्याश्या?”

“एवढ्याश्या. वरची पेट्रोल धरून ठेवते, खालची हवा अडवते. खालची कडक झाली की फट पडलीच.” राग अजून उतरला नव्हता, पण आता त्याला समाधानाची चव येऊ लागली होती. “दहा मिनिटांचं ऐकण्याचं काम! आणि म्हणे टीम!”

त्यांनी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, नळीतला दाब संपून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवलं, बॅटरीची तार सोडली. थोडं थंड होऊ दिलं. चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी आडवी नळी दोन बोल्टांनी बसवलेली असते. पाना लावण्याआधी त्यांनी बोल्टांवरची धूळ बोटानं पुसली.

आणि बोट तिथंच राहिलं.

दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका होता.

ही खूण त्यांच्याच गॅरेजची. नवऱ्यानं घालून दिलेली रीत: आपल्या हातानं कसलेल्या बोल्टावर पिवळा ठिपका द्यायचा. उद्या काही झालं तर तोंड लपवता येऊ नये म्हणून. साऱ्या शहरात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

“सिस्टर,” वहिनींचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता, उलट नेहमीपेक्षाही खाली गेला होता. “ही नळी मध्ये कधी उघडली होती?”

“तुमच्याकडेच की. आठ महिने झाले. पेट्रोलचा वास यायचा गाडीत. तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात. भावजींनी करून दिलं.”

वहिनींनी पाना लावून बोल्ट सोडले. नळी उचलली, इंजेक्टर बाहेर आले. खालच्या कड्या चपट्या झालेल्या, दगडासारख्या कडक. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीला चीर. आठ महिन्यांत नवीन रबराचं असं होत नाही.

तेवढ्यात भावजी आले. खांद्यावर कुणाची तरी चार्ज केलेली बॅटरी. पन्नाशीचा साधा माणूस, भावाच्या हाताखाली वाढलेला, भावाच्या पश्चात निम्मं गॅरेज ओढणारा. त्यांनी निळी गाडी बघितली, उघडी नळी बघितली, मग वहिनींचा चेहरा बघितला आणि बॅटरी खाली ठेवली.

“भावजी, ही सील कुठून आणलीत?”

“ती... दादाच्या डब्यातली.”

मागच्या भिंतीवर फळी होती. तिच्यावर खानेखाने असलेला पत्र्याचा एक डबा. खान्याखान्यावर नवऱ्याच्या अक्षरातली मापाची चिठ्ठी. तो गेल्यापासून वहिनी रोज सकाळी हात जोडायच्या आधी त्या डब्यावरून स्वच्छ फडकं फिरवायच्या. त्यांनी तो खाली काढला. झाकण उघडायला जोर लावावा लागला. त्याच मापाच्या खान्यातली एक कडी उचलून त्यांनी दोन बोटांत वाकवली. कट्ट. दुसरी वाकवली. तीही मोडली.

“किती वर्षांची आहेत ही?”

“दादा गेल्यालाच तीन झाली...”

“म्हणजे दहा-बारा असतील. रबर आहे ते, भावजी! ठेवल्या ठेवल्या मरतं ते! डब्यात असलं म्हणून काय झालं?”

“बाजारात ते माप मिळेना. बाईंना घाई होती. म्हटलं, दादानं स्वतः निवडून ठेवलेलं आहे, ते वाईट कसं असेल?”

“त्यांनी ठेवलं तेव्हा चांगलं होतं! तुम्ही वाकवून तरी बघायचं! तीस वर्षं या कामात काढलीत, आणि एक कडी वाकवून बघता आली नाही?”

“बघितली असती तर...” भावजींनी मोडलेली कडी उचलली. “बघितली असती तर दादाच्या मालावर संशय घेतल्यासारखं झालं असतं, वहिनी.”

वहिनींच्या ओठांवर कडक उत्तर आलं होतं, पण हातात डब्याचं झाकण होतं. तीन वर्षं रोज त्याच्यावरून फडकं फिरवलं, एकदाही उघडून आत काय आहे ते पाहिलं नाही. भक्ती म्हणून जपलं आणि निगा राखायला विसरलो. देवापुढचं पाणीसुद्धा रोज बदलतो आपण, आणि हे? दिरावर आलेला राग अर्ध्या वाटेतून वळला आणि त्यांच्याच अंगावर आला. तिथं तो जास्त झोंबला.

“सव्वाअकरा झाले,” नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी दोघांचं सगळं ऐकलं होतं. आवाजात आता विनवणी नव्हती. “कुणाचं चुकलं ते मागून बघा. माझी गाडी दोनला हवी.”

सुट्या भागांच्या दुकानात फोन केला. परवा येतील म्हणाला. दुसऱ्या दुकानातही तेच.

भावजी जमिनीकडे बघत पुटपुटले, “हे माप तयार असतं ते फक्त... त्या काचवाल्यांकडे.”

वहिनींनी फोन खाली ठेवला.

“मी जातो,” भावजी म्हणाले.

“नको. सकाळी तिकडे तोंड माझं गेलं होतं. परत तेच जाईल.”

पुन्हा ते थंड दार, पुन्हा त्या खुर्च्या. सकाळी हसलेल्यांपैकी एकजण अजून बसलेलाच होता. टायवाल्यानं लांबूनच पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

“सील पाहिजेत,” वहिनी म्हणाल्या. “त्याच गाडीची. इंजेक्टरची, खालची आणि वरची, चारही.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुढे म्हणाल्या, कारण सकाळीही सगळ्यांनी ऐकलं होतं. “जुनी सील आमच्याच गॅरेजात घातलेली निघाली. मघाशी मी म्हटलं की आमच्या हातचं काम असतं तर दिवा लागलाच नसता. ते खोटं ठरलं.”

टायवाल्याचा चेहरा उजळला. “मी म्हटलंच होतं, मॅडम. गल्लीबोळातली कामं...”

“हसा. आज तुमचा दिवस आहे. पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. आमचं रबर वाईट होतं आणि तुमचे कान बंद होते. दोन्ही खरं आहे. त्या बाईंना तुम्ही सेन्सर दोनदा विकलात आणि शेवटी चांगली गाडी मारायला निघालात. मी माझं चारचौघांत कबूल केलं. तुमचं तुम्ही कधी करता बघू.”

टायवाल्यानं टायची गाठ सारखी केली.

पलीकडच्या काउंटरवर पार्ट देणारा एक केस पिकलेला माणूस होता. त्यानं आत जाऊन कड्यांचं पाकीट आणलं आणि वहिनींच्या हातात देताना हलक्या आवाजात म्हणाला, “वरची आणि खालची सरमिसळ करू नका. रंग वेगळा आहे.” मग टायवाल्याकडे पाठ करून पुढे, “कान लावायचं आम्हालाही कळतं, बाई. एका गाडीला वीस मिनिटं देतात. वीस मिनिटांत फक्त बदलता येतं. ऐकता येत नाही.”

वहिनींना आता या माणसावर चिडावं की त्याच्यासाठी चिडावं, ते कळेना. वाटभर त्या चिडतच आल्या.

भावजींनी तोवर इंजेक्टर बसायच्या जागा लख्ख पुसून ठेवल्या होत्या. दोघांनी मिळून काम केलं. प्रत्येक कडी आधी वाकवून, ताणून बघितली. बोटाला लावलेलं स्वच्छ तेल तिच्यावर फिरवलं, पीळ पडू न देता चढवली. इंजेक्टर सरळ रेषेत दाबून बसवले. बोल्ट कसताना भावजींचा पाना दोनदा निसटला, तरी वहिनींनी तो काढून घेतला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. फ्यूज, बॅटरी, मग नुसती किल्ली फिरवून दाब भरला आणि पेट्रोल कुठे पाझरत नाही ना ते वाकून दोघांनी बघितलं. नर्सबाईंनीही बघितलं. आता त्यांना कुणी नको म्हणणार नव्हतं.

“लावा, सिस्टर.”

इंजिन लागलं आणि एका सुरात चालत राहिलं. रेस हलली नाही. वहिनींनी नळी कानाशी लावली. फुस्स नव्हतं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला होता. त्या नर्सबाईंना गाडीत बसवून स्वतः शेजारी बसल्या, चढाच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आल्या, मुद्दाम चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावली. गाडी निमूट चढली.

परत आल्यावर नर्सबाईंनी ऑफिसला फोन केला. “फेरी माझीच. निघतेय,” एवढंच म्हणाल्या. मग फोन ठेवला आणि गाडीतून उतरल्या. भावजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“महिनाभर मी समजत होते की मलाच चालवता येत नाही. एकदा रेल्वेच्या फाटकात बंद पडली, भावजी. रुळावर नाही, अलीकडे. पण चार हात अलीकडे.”

भावजींनी मान वर केली नाही. “चुकलं, सिस्टर.”

“माझं झालं. पण त्या डब्यातलं अजून कुणाकुणाला घातलंत?”

हे वहिनींनाही सुचलं नव्हतं. त्या भावजींकडे वळल्या.

“चार गाड्या,” भावजी म्हणाले. कुणाच्या, ते त्यांना पाठ होतं. “बेकरीची व्हॅन. गाणं शिकवणाऱ्या बाई. शाळेचे शिपाई. आणि तो चष्म्याचा दुकानदार.”

“त्यांना माहीत आहे?”

“त्यांची अजून काही तक्रार नाही...”

“माझीही सात महिने नव्हती!” नर्सबाई कडाडल्या. “गाण्याच्या बाई क्लासची मुलं घेऊन जातात त्या गाडीतून. तक्रार यायची वाट बघणार आहात?”

“नाही.” पहिल्यांदाच भावजींनी वर बघितलं. “आज सांगतो. चौघांनाही. घरी जाऊन, स्वतः. दिवे लागायच्या आत.”

“फोनवर नाही?”

“फोनवर नाही.”

नर्सबाईंनी त्यांच्याकडे एक क्षण बघितलं, जसं ताप बघतात तसं, आणि गाडीत बसल्या. पावणेदोनला निळी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

वहिनींना खूप काही बोलायचं होतं. टायवाल्याबद्दल, वीस मिनिटांबद्दल, तीस वर्षांच्या अनुभवाबद्दल. पण जीभ सगळ्यात शेवटी. त्यांनी ताट वाढलं, भावजींना हाक मारली.

“मागून जेवतो,” आतून उत्तर आलं.

भावजींनी हात साबणानं दोनदा धुतले, धुतलेला शर्ट घातला, काउंटरवाल्यानं दिलेल्या कड्यांच्या पाकिटावरचं माप एका चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवलं. स्कूटर बाहेर काढली. वहिनी जेवायला बसल्या असतील, त्यांना त्रास नको म्हणून ती चालू न करता हातानं ढकलत नेली, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन बेकरीच्या रस्त्याला वळवली.